विनोदी पात्राचा मृत्युलेख: 'सी.आय.डी.'तल्या फ्रेडरिक्सविषयी एका तरुणाला उत्तर

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या एका तरुणाचा आहे. त्यांच्या गावच्या वाचनालयाचा वार्षिक अंक निघतो आणि त्यात या वर्षी 'सी.आय.डी.' ही मालिका व तिच्यातील दिवंगत कलावंत, विशेषतः फ्रेडरिक्सची भूमिका करणारे दिनेश फडणीस, यांच्यावर हजारभर शब्दांचा लेख लिहिण्याचे काम त्यांच्याकडे आले आहे. पहिला मसुदा लिहून पाठवून ते विचारतात: 'भावपूर्ण श्रद्धांजलीच्या पुढे काही सुचत नाही. माहिती किती द्यावी? आणि ज्या माणसाने वीस वर्षे हसवले त्याच्यावर गंभीर लेख शोभतो का?' प्रश्नाच्या शेवटी, कंसात, त्यांनी आपल्या आज्जीविषयी एक ओळ सहज घातली आहे. त्या ओळीकडे मी नंतर येतो, कारण माझ्या मते त्यांचा लेख तिथेच आहे.

माझी ओळख एवढीच की बेळगावात मराठी दैनिकाच्या डेस्कवर मी २६ वर्षे काम केले आणि त्यातली निम्म्याहून अधिक वर्षे कोणी कलावंत, लेखक वा पुढारी गेला की मजकूर माझ्या टेबलावर येत असे. मृत्युलेख बहुधा अवेळी येतो. पान छपाईला जाण्यास ४० मिनिटे उरलेली असतात, मुंबईहून चार ओळींची बातमी आलेली असते आणि पानावर मात्र तीन कॉलम जागा मोकळी ठेवलेली असते. ती जागा विशेषणांनी भरण्याची सवय आम्हा सगळ्यांना त्यामुळेच लागली. तुमच्याकडे ४० मिनिटांऐवजी दीड महिना आहे, तेव्हा आमच्या सवयी उचलण्याचे तुम्हाला काहीच कारण नाही.

तुम्हाला वाटते तशी तुमची अडचण शब्द न सुचण्याची नाही. मसुद्यात शब्द भरपूर आहेत: हरहुन्नरी, हसतमुख, सर्वांचे लाडके, अढळ स्थान. अडचण अशी आहे की शोक नेमका कोणाचा, हे अजून ठरलेले नाही. पहिल्या वाक्यात फ्रेडरिक्स गेले, दुसऱ्यात दिनेशजींचे निधन झाले, तिसऱ्यात पुन्हा 'फ्रेडी सरांशिवाय ब्युरो सुना झाला.' वाचणाऱ्याला अर्थ कळतो, नाही असे नाही. पण पात्र आणि नट यांची अशी सरमिसळ झाली की दोघांपैकी कोणाविषयीच नेमके काही सांगता येत नाही. पात्राविषयी लिहावे तर ते कुठे गेलेले नाही, जुने भाग लावले की ते पुन्हा उभे राहते. नटाविषयी लिहावे तर त्याने काय केले हे सांगावे लागते, आणि तेच तर आपण कधी निरखून पाहिलेले नसते.

ही सरमिसळ किती खोल जाते त्याचे एक अलीकडचे उदाहरण देतो. २०१८ च्या ऑक्टोबरात थांबलेली ही मालिका २१ डिसेंबर २०२४ रोजी पुन्हा सुरू झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये कथानकात पथकाचे प्रमुख ए.सी.पी. प्रद्युम्न मारले गेल्याचे दाखवण्यात आले. वाहिनीने समाजमाध्यमांवर '१९९८ ते २०२५' अशी वर्षे घालून त्यांना श्रद्धांजली वाहिली. ती भूमिका करणारे शिवाजी साटम ठणठणीत होते. तरीही आमच्या वसाहतीच्या व्हॉट्सअॅप गटावर सकाळी सात वाजल्यापासून हात जोडलेली चित्रे पडू लागली आणि एका निवृत्त शिक्षकांनी मला फोन करून दबक्या आवाजात विचारले, 'साटम गेले काय ओ?' मी नाही म्हणालो तेव्हा ते गप्प झाले, मग म्हणाले, 'पण वाईट वाटायचं ते वाटून गेलं की.' पुढे ते पात्र मालिकेत परतलेही. त्या गुरुजींचे वाक्य मात्र मला खोटे वाटले नाही. ज्या माणसाला आपण दर आठवड्याला घरात पाहतो त्याच्याविषयीचा जिव्हाळा खराच असतो. फक्त लिहिताना तो कुणाच्या नावे जमा करायचा, हे पाहावे लागते.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधी सांगून टाकतो. निधनाच्या दुसऱ्या दिवशी दैनिकात येणारा मजकूर, तेराव्याच्या सुमारास येणारा आठवणलेख आणि वर्षादोन वर्षांनी अंकात येणारा लेख या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात बातमी असते, दुसऱ्यात जवळच्यांचे बोलणे असते, तिसऱ्यात मात्र मूल्यमापन अपेक्षित असते. तुमचा लेख तिसऱ्या प्रकारचा आहे आणि म्हणून त्यातला 'नुकताच जगाचा निरोप घेतला' हा शब्दप्रयोग पहिल्याच वाक्यात चुकीचा ठरतो. शिवाय वाचक कोण, यावरही बरेच ठरते. वाचनालयाचा अंक जर शाळेतली मुलेही वाचणार असतील तर त्यांनी १९९८ ची मालिका लागताना पाहिलेली नाही, फक्त मोबाइलवर तुकडे पाहिले आहेत, हे धरून चालावे लागेल. आणि गावात मालिका एकत्र बसून पाहणारे जुने प्रेक्षक असतील तर त्यांना कथानक सांगत बसण्याची गरज नाही. कोणता वाचक समोर ठेवायचा हे मी ठरवू शकत नाही. तुमच्या संपादकांना विचारा.

माहितीचे म्हणाल तर हजार शब्दांच्या लेखात तपशील थोडे असावेत, पण जे असतील ते पक्के असावेत. पहिला भाग २१ जानेवारी १९९८ रोजी लागला, पहिले पर्व २७ ऑक्टोबर २०१८ रोजी संपले, आणि त्या अवधीत १५४७ भाग झाले. निर्मिती बी. पी. सिंग आणि प्रदीप उप्पूर यांची. त्याआधी सिंग आणि साटम यांची जोडी मराठी प्रेक्षकांनी 'एक शून्य शून्य' या मराठी मालिकेत पाहिली होती, म्हणजे प्रद्युम्न आपल्याकडे आला तेव्हा चेहरा अनोळखी नव्हता. सीमाभागातल्या मराठी घरांनी एका हिंदी मालिकेला इतक्या लवकर जागा का दिली, याचे एक कारण मला इथे दिसते. ते लेखात दोन वाक्यांत यावे.

निधनाच्या तपशिलाबाबत विशेष सावध राहा. डिसेंबर २०२३ च्या सुरुवातीला फडणीस रुग्णालयात असल्याची बातमी आली तेव्हा बऱ्याच ठिकाणी हृदयविकाराचा झटका असे छापून आले. नंतर मालिकेत दयाची भूमिका करणारे दयानंद शेट्टी यांनी खुलासा केला की तो झटका नव्हता, यकृतावर परिणाम झाला होता. पहिली बातमी मात्र आजही जालावर तशीच पडून आहे, आणि तुमच्या मसुद्यातही 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने' असे आले आहे ते तिथूनच. दुसरे, निधन मध्यरात्र उलटल्यावर झाले, त्यामुळे तारीख ५ डिसेंबर धरावी लागते, जरी बोलण्यात लोक 'चार तारखेच्या रात्री' म्हणत असले तरी. वय ५७ होते. मी डेस्कवर नवा असताना एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सांगितलेला नियम अजून पाळतो: मरणाचे कारण पहिल्या दिवशीच्या बातमीतून उचलायचे नाही, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीतूनही घरच्यांनी किंवा जवळच्या सहकाऱ्यांनी सांगितले असेल तरच घ्यायचे.

दुसरी खबरदारी स्वतःच्या आठवणीविषयी. आठवण खरी असते आणि तरीही चुकीची असू शकते. मी एकदा, वेळेच्या घाईत, एका दिवंगत नटावर लिहिताना एका मालिकेतला प्रसंग दुसऱ्या मालिकेच्या नावावर खपवला. चौथ्या दिवशी निपाणीहून पोस्टकार्ड आले: तो प्रसंग त्या मालिकेतला नव्हे, ज्या रात्री तो लागला त्या रात्री आमच्याकडे बारसे होते म्हणून मला पक्के आठवते, पाळण्याकडे कोणी लक्ष देईना. ते कार्ड मी पुष्कळ दिवस टेबलाच्या काचेखाली ठेवले होते. चूक दाखवल्याचे मला फारसे वाईट वाटले नाही. वाटले ते हे की या गृहस्थांच्या चार ओळी माझ्या तीन कॉलमांपेक्षा चांगल्या उतरल्या होत्या. त्यांनी एकही विशेषण वापरले नव्हते आणि मालिका घराघरात कशी बसली होती ते पाळण्यासकट डोळ्यांसमोर उभे केले होते.

तशीच गोष्ट तुमच्या मसुद्यातल्या १११ मिनिटांच्या भागाची. ७ नोव्हेंबर २००४ रोजी दाखवलेला तो भाग एकही काप न घेता सलग चित्रित केलेला होता आणि त्याची विक्रम म्हणून नोंद झाली. तुम्ही तो विक्रम फडणीस यांच्या कर्तृत्वात घातला आहे. तो मालिकेचा आणि दिग्दर्शकाचा आहे. मालिकेचे यश एका नटाच्या नावावर टाकले की नटाचे मोठेपण वाढते असे आपल्याला वाटते, प्रत्यक्षात त्याचे स्वतःचे काम त्याखाली झाकले जाते.

मग त्याचे स्वतःचे काम कोणते? इथे जरा थांबतो, कारण विनोदी नटावर लिहिताना सगळ्यात जास्त कुचराई इथेच होते. 'त्यांनी खळखळून हसवले' एवढे लिहून आपण मोकळे होतो. खुनाच्या तपासाची मालिका घ्या. पहिल्या पाच मिनिटांत प्रेत सापडते, मग प्रयोगशाळा, मग संशयितांची चौकशी, मग दरवाजा मोडणे. ए.सी.पी. कडक, अभिजीत हुशार, दया ताकदवान. हे तिघे आपसात बोलले तर ते एकमेकांना माहीत असलेलेच बोलतील. म्हणून पथकात एक माणूस असा लागतो ज्याला कळलेले नसते, जो 'पण सर, असं कसं?' असे विचारतो, आणि त्याच्या निमित्ताने लेखक ते प्रेक्षकाला समजावून देतो. फ्रेडरिक्स हा तो माणूस होता. तो भुताला घाबरणार, बायकोच्या धाकाचा विषय नको तिथे काढणार, मग ए.सी.पी. एक कटाक्ष टाकणार आणि तो पुन्हा कामाला लागणार. तो कटाक्ष आपल्याला ज्या धाकाचा वाटतो, तो धाक साटमांच्या डोळ्यांइतकाच फडणीसांच्या आवरून घेण्यात असतो. आपल्या तमाशात सोंगाड्या राजासमोर चळचळा कापतो तेव्हाच राजा राजा वाटतो, तसेच हे.

आणि यातला अवघड भाग असा की विनोद करताना प्रेताची थट्टा होता कामा नये. मेलेल्या माणसाची आई त्या खोलीत बसलेली असते. तिथे हसू आले तर मालिका पडते. फडणीस त्या रेषेच्या अलीकडे थांबत असत, हे मी वर्षानुवर्षे पाहत होतो आणि मला कधी जाणवले नव्हते. जाणवले ते २०२३ नंतर, जुने भाग पुन्हा लावले तेव्हा. तुम्हालाही हेच सुचवतो. त्यांचा एक भाग निवडा, दोनदा पाहा, आणि दुसऱ्यांदा पाहताना आवाज पूर्ण बंद करा. बोलणारा नट आपले लक्ष ओढतो; आवाज बंद केला की जो बोलत नाही तो काय करतो आहे ते दिसू लागते. दुसरा कोणी बोलत असताना फ्रेडरिक्स हातांचे काय करतो, मान कुठे वळवतो, घाबरण्याआधी कोणाकडे पाहतो, यातल्या दोनच गोष्टी टिपल्यात तरी तुमचा लेख बाकीच्या शंभर श्रद्धांजल्यांहून वेगळा होईल. त्यांनी मालिकेचे काही भाग लिहिलेही होते. हे कळल्यावर तर त्यांच्या प्रश्न विचारण्याच्या जागा मला आणखी जाणीवपूर्वक वाटू लागल्या.

यापुढचे माझ्या घरचे. १९९८ ते २००५ आम्ही बेळगावातल्या वडगावात राहत होतो. गल्लीत बहुतेक विणकरांची घरे, पुढच्या खोलीत माग आणि आतल्या खोलीत टीव्ही. रात्री उशिरापर्यंत मागांचा खडखडाट चालायचा आणि त्याची इतकी सवय झालेली असायची की तो थांबला तर झोप मोडे. शुक्रवारी रात्री मालिका लागायच्या सुमारास एकेक माग थांबत जायचा. शेजारचे विणकर कन्नड बोलणारे, आम्ही मराठी, मालिका हिंदी. खोलीत सात-आठ माणसे, पोरे उंबऱ्यावर, आणि काकू धोट्यात भरायच्या कांड्या मांडीवर घेऊन बसलेल्या, हात चालू आणि नजर पडद्यावर. नेमका खुनी कळायच्या वेळी वीज गेली की ओरडा व्हायचा आणि मग अंधारात प्रत्येकजण आपला खुनी जाहीर करायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेलो की ज्यांच्या गल्लीत वीज होती त्यांच्याकडून खरे नाव कळायचे. अशा एका अंधाऱ्या रात्री काकूंनी विचारले होते, 'आता तो जाडा घाबरला असंल न्हवं?' नाव त्यांना येत नव्हते. पडदा काळा झाल्यावरही त्यांना खुन्यापेक्षा त्याची काळजी पडली होती.

दयाची भूमिका करणारा नट मूळचा उडुपी जिल्ह्यातला, हे पुढे कुठूनतरी कळले तेव्हा आमचे शेजारी खुर्चीवरून पुढे सरकून म्हणाले, 'इव नम्मव', हा आपला. माझ्या वडिलांनी लगेच सांगितले की ए.सी.पी. आमचा. मग दोघेही फ्रेडरिक्सकडे वळले, आणि फ्रेडरिक्स कोणाचा यावर वाद झाला नाही. तो दोन्ही घरांचा होता. फडणीस हे आडनाव मराठी असल्याचे वडिलांना श्रेयनामावलीत वाचून ठाऊक होते, तरी ते बोलले नाहीत. सीमाभागातला लेख म्हणून तुम्ही शेवटी भाषेच्या प्रश्नावर एक परिच्छेद जोडला आहे. तो मुद्दा मोठा आहे आणि इथे त्याला जागा पुरत नाही. त्याऐवजी तुमच्या गावात ही मालिका कोण कोणाच्या घरी जाऊन पाहत होते एवढेच लिहा. जे सांगायचे ते त्यातून आपोआप कळेल.

इथवर आलो तर आता ती कंसातली ओळ. तुम्ही लिहिले आहे: '(आमच्या आज्जीला हिंदी येत नाही, पण घरात तीच सगळ्यात जास्त बघायची. फ्रेडरिक्स गेल्याचे सांगितले तेव्हा ती म्हणाली, मग त्याच्या बायकोचं कसं?)' ही ओळ तुम्ही माझ्यासाठी, गंमत म्हणून, कंसात घातलीत. ती कंसातून बाहेर काढा. तुमच्या आज्जींना संवाद कळत नव्हते, म्हणजे मी तुम्हाला जो आवाज बंद करून पाहण्याचा प्रयोग सांगितला तो त्या वीस वर्षे करत आल्या आहेत. त्यांनी फक्त चेहरा आणि अंग पाहिले. आणि निव्वळ त्यावरून त्यांना एवढे कळले की या माणसाला घर आहे, घरी बायको आहे, आणि तो तिला भितो. नटाने काय केले याचा याहून भक्कम पुरावा तुम्हाला कुठल्याही मुलाखतीत मिळणार नाही. त्यांच्या प्रश्नात पात्र आणि नट एकमेकांत मिसळले आहेत हे खरे. पण मी वर ज्या सरमिसळीला नावे ठेवली ती न पाहता केलेली होती, ही पाहून पाहून झालेली आहे. ती तशीच ठेवा, फक्त त्यानंतरच्या वाक्यात आपण कोण बोलतो आहोत हे तुम्ही स्पष्ट करा: गेले ते दिनेश फडणीस, मुंबईत, ५ डिसेंबर २०२३ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी.

तुमची मूळ सुरुवात अशी होती: 'सुप्रसिद्ध मालिका सी.आय.डी. मधील सर्वांचे लाडके हरहुन्नरी कलाकार फ्रेडरिक्स उर्फ दिनेश फडणीस यांनी नुकताच जगाचा निरोप घेतला आणि कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली.' 'उर्फ' हा शब्द तर पहिल्यांदा काढा. तो पोलिसांच्या नोंदवहीत शोभतो. त्याऐवजी अशी काही सुरुवात करून पाहा: 'आमच्या आज्जीला हिंदी येत नाही. सी.आय.डी. लागली की ती भिंतीला टेकून बसायची आणि पथकातला जाड माणूस आला की पदर तोंडाला लावून हसायची. तो काय बोलला हे तिने आम्हाला कधी विचारले नाही.' भिंत आणि पदर माझे आहेत, तुमच्या घरचे जे असेल ते घाला. माझे उचललेत तर ते वाचणाऱ्याला लगेच कळेल, आणि आज्जींना तर नक्कीच.

आज्जींचे वाक्य शुद्ध करण्याच्या फंदातही पडू नका. 'पत्नीचे काय' असे केलेत तर ते कोणाही माणसाचे होईल. खानापूरकडच्या बोलीत जी कोकणीची झाक आहे ती त्यांच्या बोलण्यात असणारच. ज्या शब्दांत त्या बोलल्या तेच शब्द ठेवा, मुद्रितशोधकालाही तसे बजावून ठेवा. आमच्या डेस्कवर अशी किती वाक्ये आम्ही सुधारून मारली, त्याचा हिशेब नाही.

बाकीच्या दिवंगतांबद्दल थोडक्यात. प्रदीप उप्पूर मार्च २०२३ मध्ये, फडणीस यांच्या नऊ महिने आधी, गेले. पडद्यावर न दिसणाऱ्या माणसाला श्रद्धांजलीत सहसा जागा मिळत नाही, म्हणून त्यांच्यासाठी एक चौकट करा. तिच्यात घालण्यासारखी एक गोष्ट मराठी वाचकाला आवडेल: १९८३ च्या 'अर्धसत्य' या पोलीसपटाच्या निर्मात्यांत ते होते, आणि तो चित्रपट श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या मराठी कथेवर, विजय तेंडुलकरांच्या पटकथेवर उभा होता. पोलिसांच्या गोष्टीशी त्यांचे नाते असे जुने होते. फडणीस यांच्या चित्रपटांतल्या छोट्या भूमिका, उदाहरणार्थ 'सरफरोश' आणि 'सुपर ३०', एका वाक्यात येऊ द्या, त्याहून जास्त जागा देऊ नका. रमेश भाटकर यांना मात्र या लेखात ओढू नका. 'हॅलो इन्स्पेक्टर' आठवणारी पिढी तुमच्या गावात असेल आणि ४ फेब्रुवारी २०१९ ला ते गेले तेव्हा त्या पिढीला चटका बसला होता, हे मान्य. पण त्यांना शेवटच्या चार ओळींत चिकटवणे हा त्यांचा उपमर्द होईल. पुढच्या वर्षी त्यांच्यावर स्वतंत्र लेख करा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, गंभीर लेख शोभतो का. शोभतो, पण गंभीर म्हणजे जड भाषेचा नव्हे. विनोदी नटावर लिहिताना दोन मोह होतात: एक, त्याचेच विनोद पुन्हा सांगत बसणे, जे कागदावर नेहमी फिके पडतात, आणि दुसरा, 'हसऱ्या चेहऱ्यामागचे दुःख' शोधणे. दुसरा मोह जास्त वाईट. त्यांच्या खासगी आयुष्यात दुःख होते की नव्हते हे तुम्हाला आणि मला माहीत असण्याचे कारण नाही. त्यांनी हसवले ते कौशल्याने, आणि ते कौशल्य गंभीरपणे पाहणे पुरेसे आहे. मथळ्यात 'कुछ तो गडबड है' आणि 'दया, दरवाजा तोड दो' ही दोन वाक्ये नकोत. ती फ्रेडरिक्सची नाहीतच, आणि त्या महिन्यात निम्म्या महाराष्ट्राने तेच मथळे केले होते. छायाचित्राचे म्हणाल तर मालिकेतले चित्र जालावरून उतरवून छापू नका, त्याचे हक्क दुसऱ्याचे असतात. शाळेतल्या चित्रकलेच्या गुरुजींकडून एक रेखाचित्र करून घ्या. अंकाला ते अधिक शोभेल.

लिहायला बसण्याआधी मात्र एक काम करा. आज्जींना पुन्हा विचारा की ती बातमी ऐकली त्या दिवशी, तो प्रश्न विचारल्यावर, त्यांनी पुढे काय केले. टीव्ही बंद करायला सांगितला, का जुना भाग लावायला सांगितला, का काही न बोलता चुलीपाशी गेल्या? तुम्ही ते लिहिलेले नाही, आणि लेखाच्या शेवटी कोणते वाक्य येईल हे त्यावर ठरणार आहे. दुसरा मसुदा झाला की पाठवा.